बाथटबमधले पांढरे डाग निघाल्यासारखे वाटूनही परत का दिसतात

बाथटब घासूनपुसून धुतला की ओला असेपर्यंत तो लख्ख दिसतो, आणि तासाभराने वाळला की नळाखालचा तोच पांढरट पट्टा, तळाशी तीच वर्तुळे आणि पाणी जाण्याच्या जाळीभोवतीचे तेच खरखरीत कडे पुन्हा डोळ्यांसमोर येते. डाग निघाला होता आणि लगेच परत आला, असा आपला समज होतो. प्रत्यक्षात अशा वेळी तो बहुधा निघालेलाच नसतो. क्षारांच्या थरात असंख्य बारीक छिद्रे असतात. थर कोरडा असताना त्या छिद्रांमुळे प्रकाश चहूकडे विखुरतो आणि थर पांढरा दिसतो, तर छिद्रांत पाणी भरले की हे विखुरणे कमी होऊन तोच थर जवळजवळ पारदर्शक होतो. म्हणून सफाई झाली की नाही याचा निवाडा ओल्या टबाकडे पाहून कधीही करू नये. टब कोरड्या कापडाने पुसावा, अर्धा तास जाऊ द्यावा आणि मग बॅटरी पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, आडव्या प्रकाशात पाहावे. थराची कड असेल तर तिची बारीक सावली लगेच दिसते.

खरोखर निघालेला डाग परत यायला काही आठवडे लागतात, आणि येतो तेव्हा तो त्याच जागी, त्याच आकारात येतो. ही वेगळी अडचण आहे. तिचा इलाज घासणीत नसून नळात, टबाच्या उतारात आणि शेवटी साचून राहणाऱ्या वाटीभर पाण्यात आहे. या दोन अडचणींची गल्लत झाली की माणूस दर वेळी आणखी जोर लावून घासतो, पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा जातो आणि डाग पूर्वीपेक्षा लवकर धरू लागतो. माझ्या स्वतःच्या टबाच्या बाबतीत हेच घडले, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

डाग म्हणजे नेमके काय

आपण ज्याला क्षाराचे किंवा जड पाणी म्हणतो त्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन पाणी म्हणतात, आणि तो शब्द अगदी नेमका आहे, कारण या पाण्यात साबणाचा फेस सहज होत नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, चुनखडीच्या थरांतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेते आणि ते बायकार्बोनेटच्या रूपात आपल्या नळापर्यंत आणते. हे पाणी टबात वाळले किंवा तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट उरते. म्हणजे टबावर बसलेला थर हा अक्षरशः चुनखडीचाच पापुद्रा असतो. तो साबणाने निघत नाही यात नवल काहीच नाही.

पाण्याचा कठीणपणा दर लिटरमागे किती मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट या हिशोबाने मोजतात. ६० पर्यंतचे पाणी सुफेन, १२० पर्यंतचे मध्यम, १८० पर्यंतचे कठीण आणि त्यापुढचे अतिकठीण, अशी एक वर्गवारी सर्रास वापरली जाते. समजा पाण्याचा कठीणपणा ३०० आहे आणि अंघोळीनंतर टबाच्या तळाशी रोज ५० मिलिलिटर पाणी साचून वाळते. त्यातून एका दिवसात फक्त १५ मिलिग्रॅम क्षार उरेल, जो डोळ्यांना दिसणारही नाही. पण वर्षभरात तो साडेपाच ग्रॅमच्या आसपास जाईल, आणि एका तळहाताएवढ्या जागेवर साडेपाच ग्रॅम चुनखडी म्हणजे चांगला जाड थर झाला. डाग एका रात्रीत दिसू लागला असे वाटते ते यामुळेच. तो जमत असतो कित्येक महिने, नजरेत भरतो मात्र एके दिवशी.

या थरात आणखी एक भागीदार असतो. साबणातली मेदाम्ले पाण्यातल्या कॅल्शियमशी जोडली गेली की पाण्यात न विरघळणारा एक चिकट, राखाडी पदार्थ तयार होतो आणि तो टबाच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीइतक्या उंचीवर पट्ट्यासारखा बसतो. सफाईत निम्मे अपयश या चिकट पदार्थामुळे येते, कारण तो चुनखडीवर तेलकट पांघरूण घालतो आणि वरून ओतलेले आम्ल खालपर्यंत पोहोचूच देत नाही.

आधी डाग ओळखावा

टबातला प्रत्येक डाग क्षाराचा नसतो, आणि चुकीच्या डागावर चुकीचे द्रव्य ओतले तर तो पक्का होतो. तांबूस किंवा विटकरी ओघळ असेल तर तो लोहाचा, म्हणजे गंजाचा. पाण्यात लोहाचे प्रमाण लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या वर गेले की असे डाग पडू लागतात. काळपट तपकिरी छटा बहुधा मँगनीजची असते. निळसर हिरवा ओघळ तांब्याच्या नळ्या झिजत असल्याची खूण आहे. गुलाबी, बुळबुळीत पट्टा हा तर डागच नसून जिवाणूंची साय असते. ती ओलसर कोपऱ्यांत आणि साबणाच्या अवशेषांवर पोसली जाते आणि घासून, निर्जंतुक करून, जागा कोरडी ठेवल्याने जाते.

पांढऱ्या डागातही दोन प्रकार आहेत आणि त्यांच्यातला फरक नखाने कळतो. कोरड्या डागाच्या कडेवरून नख फिरवावे. कड लागली, खरखर जाणवली, तर पृष्ठभागावर काहीतरी बसलेले आहे आणि ते काढता येईल. नख कुठेही न अडखळता सरकले आणि तरी पांढुरकी छटा दिसत असेल, तर तिथे काही बसलेले नाही. पृष्ठभागच झिजलेला किंवा एखाद्या तीव्र द्रव्याने खाल्लेला आहे, आणि कितीही स्वच्छ केले तरी ती छटा जाणार नाही. हे आधीच कळले तर अनेक दिवसांची मेहनत वाचते.

नख अडखळले तर पुढची परीक्षा व्हिनेगरच्या एका थेंबाची. थेंब कोरड्या डागावर ठेवून जवळून पाहावे, शक्य असल्यास भिंगातून. थर चुनखडीचा असेल तर पाच-दहा सेकंदांत थेंबाच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे दिसू लागतात, ते कडेकडेने वर सुटतात आणि मिनिटाभराने थेंबाखालची जागा भोवतालपेक्षा गुळगुळीत लागते. बुडबुडे आलेच नाहीत तर वर साबणाचा चिकट थर असेल, तो धुऊन पुन्हा थेंब ठेवावा. तरीही काहीच घडले नाही तर तो सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या मुख्य द्रव्याचा, थर असू शकतो, आणि त्यावर घरगुती आम्ले काम करत नाहीत.

टब कशाचा आहे हे पाहिल्याशिवाय आम्ल लावू नये

इथे मी थोडा आग्रही आहे, कारण डाग काही आठवड्यांनी परत आला तरी पुन्हा काढता येतो, पण बिघडलेला पृष्ठभाग परत येत नाही. टबाला बाहेरून किंवा कडेला चुंबक लावून पाहावे. तो चिकटला तर टब लोखंडाचा किंवा पोलादाचा असून त्यावर काचेसारख्या मिन्याचा, म्हणजे एनॅमलचा, लेप आहे. चिकटला नाही आणि टब बोटाच्या दाबाने किंचित लवतो, वाजवल्यावर भरीव आवाज येत नाही, तर तो ॲक्रिलिकचा किंवा फायबरग्लासचा असावा. एनॅमल कठीण असते, पण जुन्या प्रकारचे एनॅमल आम्लापुढे फार टिकत नाही आणि दीर्घकाळ आम्ल राहिले तर त्याची चमक जाते. म्हणून त्यावर एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. ॲक्रिलिक सौम्य आम्ल सहज सोसते, पण ते मऊ असते, त्यामुळे त्यावर हिरवी खरखरीत घासणी, तारेची घासणी, घासण्याची भुकटी आणि ॲसिटोन यांपैकी काहीही चालत नाही. जुन्या टबावर नंतर नवा रंगलेप दिलेला असेल तर तो सर्वांत नाजूक समजावा.

आणि टब संगमरवराचा किंवा चुनखडीच्या कोणत्याही दगडाचा असेल तर व्हिनेगर, लिंबू किंवा कसलेही आम्ल त्याच्या जवळही नेऊ नये. संगमरवर स्वतःच कॅल्शियम कार्बोनेट आहे. जे द्रव्य डाग विरघळवते, ते त्याच वेगाने टबही विरघळवते.

काढण्याची पद्धत

प्रथम चिकट थर. भांडी घासण्याचे द्रव साबण कोमट पाण्यात मिसळून मऊ स्पंजाने संपूर्ण टब धुवावा, भरपूर पाण्याने खळबळावा आणि पुसून कोरडा करावा. कोरडे करण्याची पायरी बहुतेक जण गाळतात, पण ओल्या टबावर लावलेले आम्ल तिथल्या पाण्यानेच पातळ होते आणि मग ते कमकुवत वाटते.

आता आम्ल. पांढरे व्हिनेगर पुरेसे आहे. त्यात साधारण ५ टक्के ॲसिटिक आम्ल असते. वास सोसवत नसेल तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्लाची भुकटी, एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम या प्रमाणात विरघळवावी. थर जाड असेल तर १०० ग्रॅमपर्यंत घ्यावी. लिंबूसत्त्वाचे द्रावण कढत करून वापरण्याचा मोह मात्र टाळावा. त्यातून तयार होणारे कॅल्शियम सायट्रेट पाण्यात मुळातच कमी विरघळते आणि पाणी गरम असेल तर आणखी कमी, त्यामुळे डागाच्या जागी पांढरा गाळ बसतो आणि नवाच डाग पडल्यासारखे दिसते.

टबाची भिंत उभी असल्यामुळे नुसते फवारलेले आम्ल दोन मिनिटांत ओघळून जाते. म्हणून जुना सुती रुमाल किंवा जाड कागदी रुमाल आम्लात भिजवून डागावर चिकटवावा, त्याखाली हवेची पोकळी राहू देऊ नये, आणि वर प्लास्टिकचा कागद लावावा म्हणजे तो वाळत नाही. ॲक्रिलिकवर वीस मिनिटे, एनॅमलवर दहा. त्यानंतर रुमाल काढून त्याच रुमालाने गोल फिरवत हलकेच पुसावे, सुटलेला गाळ धुवावा, आणि डाग उरला असेल तर ताजे आम्ल घेऊन पुन्हा तेच करावे.

ताजे आम्ल या शब्दांवर माझा भर आहे. एक ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट विरघळवायला १.२ ग्रॅम ॲसिटिक आम्ल, म्हणजे ५ टक्क्यांचे २४ मिलिलिटर व्हिनेगर, खर्ची पडते. रुमाल ५० मिलिलिटर व्हिनेगर धरत असेल तर त्याची मजल जेमतेम दोन ग्रॅम थरापर्यंत. तेवढे झाले की त्यातले आम्ल संपलेले असते, मग तो रुमाल रात्रभर तसाच ठेवला तरी काही साधत नाही. जाड थराला एका लांबलचक बैठकीपेक्षा तीन-चार छोट्या बैठका लागतात, आणि प्रत्येक बैठकीत थर थोडा पातळ होतो. जाळीभोवतीचे जाड कडे मऊ पडले की प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने, जवळजवळ आडवे धरून, ते अलगद उचलता येते. धातूची पट्टी किंवा पाते वापरू नये.

नळाची तोटी आणि फवाऱ्याचे तोंड यांवर पिशवीत व्हिनेगर भरून बांधण्याची युक्ती चांगली आहे, पण क्रोमचा मुलामा असेल तर अर्ध्या तासात पिशवी सोडावी. सोनेरी किंवा निकेलच्या मुलाम्यावर ती बांधूच नये. फरश्यांच्या सांध्यांतले सिमेंटही आम्लाने खाल्ले जाते, तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी सांधे साध्या पाण्याने पुरते भिजवून घ्यावेत, म्हणजे ते आम्ल शोषून घेत नाहीत, आणि शेवटी सगळीकडे भरपूर पाणी ओतावे.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून लावण्याचा सल्ला ठिकठिकाणी दिला जातो, आणि त्यामुळे लोकांची मेहनत वाया जाते याचे मला मनापासून वाईट वाटते. सोडा हा आम्लाचा विरोधक आहे. १०० मिलिलिटर व्हिनेगरमधले सगळे आम्ल ७ ग्रॅम सोड्याने, म्हणजे दीडेक चहाच्या चमच्याने, संपून जाते. जो जोरदार फेस दिसतो तो आम्ल डागावर काम करत असल्याचा नसून सोड्यावर खर्च होत असल्याचा असतो. सोडा चिकट थर घासायला उपयोगी आहे, पण तो आधी वापरून, धुऊन टाकून, मग आम्ल लावावे.

क्लोरिनयुक्त ब्लीच क्षाराच्या डागावर काहीच करत नाही, आणि गंजाच्या डागाला तर ते अधिक पक्के करते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की विषारी क्लोरिन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो. काल ब्लीच वापरले असेल तर आज आम्ल लावण्यापूर्वी टब आणि जाळी भरपूर पाण्याने धुवावी, खिडकी उघडी ठेवावी. फरशी धुण्याचे तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड डाग क्षणात काढते हे खरे, पण त्याबरोबर एनॅमलची चमक, नळाचा मुलामा आणि सांधेही नेते, आणि त्याच्या वाफा फुप्फुसांना इजा करतात. घरच्या टबासाठी त्याची गरज नाही.

गंज आणि क्षार दोन्ही असतील तर क्रम महत्त्वाचा आहे. गंजावर ऑक्झॅलिक आम्ल चांगले चालते, पण कॅल्शियमशी त्याची गाठ पडली तर कॅल्शियम ऑक्झॅलेट हा अत्यंत कमी विरघळणारा पदार्थ तयार होतो आणि मग तो काढणे फार कठीण जाते. म्हणून आधी व्हिनेगरने क्षार पूर्ण काढावा, धुवावे, आणि त्यानंतरच हातमोजे घालून गंजाकडे वळावे. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, ते मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नये.

एवढे करूनही हलत नाही असा पातळ, काचेसारखा कठीण थर सिलिकाचा असतो. एनॅमलवर पॉलिश करण्याच्या अतिशय बारीक लेपाने तो हळूहळू झिजवता येतो. ॲक्रिलिकवर मात्र ॲक्रिलिकसाठीचेच पॉलिश वापरावे आणि ते आधी नजरेआडच्या कोपऱ्यात लावून पाहावे.

परत येणारा डाग

माझ्या टबात नळाखाली जिभेच्या आकाराचा एक डाग होता, वर अरुंद आणि खाली पसरट. दोन वर्षे मी तो दर महिन्याला काढत होतो, आणि काही वेळा घाईत खरखरीत घासणीनेही घासला. ॲक्रिलिकची चमक तिथे गेली, आणि त्यानंतर डाग महिन्याऐवजी पंधरा दिवसांत दिसू लागला. कारण साधे होते: ओरखड्यांच्या खाचांत पाणी धरून राहते, उशिरा वाळते आणि क्षाराच्या पहिल्या कणांना बसायला तयार जागा मिळते. पण मूळ कारण वेगळेच होते, आणि ते मला एका रात्री तोटीखाली कोरडा कागद ठेवल्यावर कळले. सकाळी कागद भिजून लगदा झाला होता. नळ बंद असताना दर काही सेकंदांनी एक थेंब पडत होता, तोही तोटीच्या ओठावरून टबाच्या भिंतीला धरून, आवाज न करता.

सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला साधारण २० लिटर पाणी त्याच वाटेने जाते. ३०० कठीणपणाच्या पाण्यात त्याबरोबर ६ ग्रॅम क्षार रोज त्या जागेवरून वाहतो. त्यातला शंभरावा भाग जरी कडेला वाळून बसला तरी महिन्याला पावणेदोन ग्रॅम थर तयार होतो. अशा नळाखाली सफाईचा कोणताही उपाय टिकणार नाही. नळाचा वॉशर किंवा आतली कार्ट्रिज बदलली की हा डाग आपोआप थांबतो. मी वॉशर बदलला, ओरखडे ॲक्रिलिकच्या पॉलिशने जमतील तेवढे मिटवले, आणि त्या जागी तसा डाग पुन्हा आला नाही.

वर्तुळे टबाच्या तळाशी येत असतील तर उतार तपासावा. थोडे पाणी सोडून, वाहून गेल्यावर पाहावे की ते कुठे थांबते. जाळीपासून दूर डबके राहत असेल तर टब पाणसळीत बसवलेला नाही किंवा त्याचा एखादा पाय खचला आहे; टबाचे पाय खालीवर करण्याजोगे असतील तर हे काम अर्ध्या तासाचे आहे. तसे शक्य नसेल तर ते डबके रोज कापडाने टिपणे एवढाच मार्ग उरतो, आणि तो खरोखर पुरेसा आहे. पाणी वाळलेच नाही तर क्षार उरणार कुठून? रबरी पट्टीचा छोटा वायपर टबाशेजारी टांगून ठेवला तर अंघोळीनंतर भिंती आणि तळ निपटायला मिनिटभरही लागत नाही.

पाणी किती तापवले जाते याचाही संबंध आहे. बहुतेक पदार्थ गरम पाण्यात जास्त विरघळतात, कॅल्शियम कार्बोनेट मात्र कमी. त्यामुळे ६० अंश सेल्सिअसच्या वर तापवलेल्या पाण्यातून क्षार झपाट्याने बाहेर पडतो, तापवण्याच्या टाकीतही आणि टबातही. वडीच्या साबणाऐवजी द्रव अंगधावन वापरले तर भिंतीवरचा राखाडी पट्टा बराच कमी होतो, कारण त्यातली बहुतेक फेसद्रव्ये कॅल्शियमशी तसा चिकट पदार्थ बनवत नाहीत. टबाच्या भिंतींना मेणाचे पॉलिश लावले तर थेंब ठरत नाहीत, घरंगळून जातात. तळाला मात्र ते कधीही लावू नये, पाय घसरून पडण्याचा धोका फार मोठा असतो.

पाणी १८० च्या बरेच वर असेल आणि टबाबरोबर पाणी तापवण्याची टाकी, कपडे धुण्याचे यंत्र, नळांच्या जाळ्या यांचीही हीच गत होत असेल, तर घराच्या पाण्याला सॉफ्टनर बसवण्याचा विचार करावा. त्यातले रेझिनचे मणी पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात, त्या बदल्यात सोडियम सोडतात, आणि मणी भरले की मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे केले जातात. मऊ केलेल्या पाण्याचे थेंब वाळले तरी पुसट ठसा उरतोच, कारण विरघळलेले क्षार नाहीसे झालेले नसतात, फक्त बदललेले असतात. पण सोडियमचे क्षार पाण्यात सहज विरघळत असल्याने तो ठसा ओल्या कापडाने निघतो, आम्ल लागत नाही.

दुरुस्ती आणि सफाई झाल्यावर चार आठवड्यांनी टब कोरडा करून पुन्हा आडव्या प्रकाशात पाहावा. नळाखाली कड उमटू लागली असेल तर गळती अजून आहे. तळाशी वर्तुळ दिसले तर डबके टिपले जात नाही, किंवा उतार अजून चुकलेला आहे. भिंतीवर विखुरलेले ठिपके असतील तर ते फवाऱ्याचे आहेत, आणि तिथे वायपर फिरत नाही एवढाच त्याचा अर्थ आहे. अशा कोवळ्या थराला व्हिनेगरमध्ये भिजवलेला रुमाल पाच मिनिटे लावला तरी पुरतो.